चेहरा लेकराचा, हौस आपली

मागच्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या शाळेत पालक सभा होती. गणवेश, पोषण आहार, आधार कार्डावरील नावांच्या चुका असे नेहमीचेच विषय चालले होते. मध्येच एक वालिद उभे राहिले आणि म्हणाले, "टीचर, दुसरी-तिसरी की बच्चियां लाली लगा के आ रईं स्कूल में. आप लोगां देखते नहीं क्या?"

झाले, सभा पेटली. एक तरुण पालक म्हणाले, हे सगळे हराम आहे, शाळेने दंड लावावा आणि मुलींची तोंडे फाटकातच धुवून घ्यावीत. घरी पार्लर चालवणारी एक अम्मी म्हणाली, "आजकल सबीच करते. बच्ची है, उसका शौक है. कायकू रोकना?" दोन्ही बाजूंनी आवाज चढले. मग सगळ्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणजे या उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या चार शिक्षिका. आम्ही गप्प बसलो. हेडमास्तर साहेबांनी "इस पर गौर किया जाएगा" म्हणून विषय मिटवला आणि चहा मागवला.

आम्ही गप्प बसलो, कारण महिनाभरापूर्वी त्याच मुलींच्या ओठांवर लाली लावणारे हात आमचेच होते.

जानेवारीत शाळेचा सालाना जलसा झाला. इस्तकबालिया गीतासाठी तिसरी-चौथीच्या अठरा मुली निवडल्या होत्या. दुपारपासून आम्ही चौघी एका वर्गात बाके भिंतीला सरकवून बसलो. एक पावडरचा डबा, एक पफ, दोन लिपस्टिक, एक काजळाची पेन्सिल आणि अठरा चेहरे. एकीच्या ओठांवरून निघालेली लिपस्टिक दुसरीच्या ओठांवर, एकीच्या डोळ्यांतली पेन्सिल तिसरीच्या डोळ्यांत. अशाने डोळे येतात, ओठांवर पुळ्या उठतात, हे आम्ही वर्गात 'वैयक्तिक स्वच्छता' या धड्यात शिकवतो. कंगवा आणि टॉवेल दुसऱ्याचा वापरू नये, हे फळ्यावर लिहून देतो. पण त्या दिवशी धडा वेगळा होता.

रंगरंगोटी झाल्यावर ओळी लावल्या. पहिल्या ओळीत सहा मुली. समोरच्या खुर्च्यांवर संस्थेचे पदाधिकारी बसणार, व्हिडिओ शूटिंग होणार, फोटो छापून येणार. 'गोऱ्या मुली पुढे घ्या' असे आमच्यापैकी कुणीही म्हटले नाही. म्हणायची गरजच पडली नाही. हात आपोआप त्या मुलींच्या खांद्यावर गेले आणि त्या पुढे आल्या.

तिसरीत एक मुलगी होती. सगळ्यांत गोड आवाज तिचा. तालमीत बाकीच्यांना चाल बसवून दिली ती तिनेच. रंगाने सावळी. आम्ही तिच्या तोंडावर पफ दोनदा जास्त फिरवला आणि तिला शेवटच्या ओळीत उभे केले. गीत छान झाले, टाळ्या पडल्या. त्या शूटिंगमध्ये आजही तिचा आवाज ऐकू येतो, चेहरा दिसत नाही.

सोमवारी ती वर्गात आली ती तोंडावर पांढरा थर घेऊन. मानेचा रंग एक, चेहऱ्याचा दुसरा. मुले हसत होती. आम्ही तिला बाजूला घेऊन विचारले, "ये क्या लगाई?" ती म्हणाली, "अम्मी की गोरे होने की क्रीम है टीचर. रोज लगाऊंगी. अगले साल मेरेकू सामने खडे करते ना?"

आठ वर्षांची मुलगी. तिला उर्दूची अक्षरओळख आम्ही दिली, पाढे आम्ही शिकवले. पाढे पाठ व्हायला दोन वर्षे लागली. हा धडा तिने एका संध्याकाळी पाठ केला.

म्हणून लहान मुलांनी मेकअप करावा की नाही, हा वाद जेव्हा आमच्यासमोर येतो तेव्हा आम्हाला वाटते की प्रश्नच चुकीचा विचारला जातो आहे. 'मुलीला परवानगी द्यावी काय?' असे विचारताना आपण गृहीत धरतो की हौस मुलीची आहे आणि आपण फक्त हो किंवा नाही म्हणणारे आहोत. प्रत्यक्षात दहापैकी नऊ वेळा हौस आपली असते. रंगाचा डबा आपण उघडलेला असतो. लेकराचा चेहरा फक्त वापरायला घेतलेला असतो. आमचे म्हणणे एवढेच आहे की लेकराला खेळू द्यावे, पण मोठ्यांनी आपल्या हौसेसाठी, आपल्या प्रतिष्ठेसाठी, आपल्या फोटोसाठी लेकराचा चेहरा रंगवू नये. आणि हे बंधन मुलांवर नाही, आपल्यावर आहे.

खेळाचे आधी सांगतो. दुपारी अम्मी झोपली की पाच वर्षांची पोरगी तिची ओढणी डोक्यावर घेते, टाचांच्या चपला पायात घालते, लिपस्टिकने ओठांपासून गालापर्यंत सगळे रंगवते आणि आरशासमोर 'खाला आई, बैठो, चाय लेव' असा डाव मांडते. तिचा भाऊही कधी कधी कोळशाने मिशा काढून त्यात सामील होतो. बी.एड.ला असताना बालमानसशास्त्राच्या पेपरात 'खेळाचे महत्त्व' या प्रश्नाचे उत्तर आम्ही सगळ्यांनीच लिहिले आहे. अनुकरणातून मूल मोठ्यांचे जग समजून घेते, हे वाक्य आम्हाला तोंडपाठ होते. अशा वेळी मुलीला मारणे, 'बेशरम' म्हणणे हा शुद्ध अडाणीपणा आहे. हसावे, तोंड धुवून द्यावे, आणि लिपस्टिक उंच फळीवर ठेवावी.

चांदरातीची मेंदीही आम्हाला या वादात ओढायची नाही. पानांची वाटलेली मेंदी, मुठी आवळून झोपलेली पोरे आणि सकाळी कुणाचा रंग जास्त चढला यावरून भांडणे, हा ईदचा अर्धा आनंद आहे. सावध राहायचे ते 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या कोनपासून. खरी मेंदी काळी नसते. पटकन काळा रंग यावा म्हणून अशा मेंदीत केसांच्या कलपात असते ते पीपीडी नावाचे रसायन घालतात. त्याने कोवळ्या हातांवर फोड येतात आणि काहींना त्याची ॲलर्जी जन्मभर राहते.

खेळ आणि हौस यांतला फरक ओळखायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही. खेळात मूल स्वतः आरशात बघते, हौसेत त्याला इतरांना दाखवले जाते. खेळ संपला की तोंड धुतले जाते, आणि धुतलेला चेहरा तिला तितकाच आवडतो. ज्या दिवशी मुलगी म्हणते की मी अशीच, न लावता, बाहेर येणार नाही, त्या दिवशी खेळ संपला असे समजावे.

आता हराम-हलालचा मुद्दा घेऊन उठणाऱ्या आपल्या भावांना काही विचारायचे आहे. आपण मुलींच्या लालीवर बोलता. आपल्याच घरात चाळीस दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांत सुरम्याची सळई फिरते, तेव्हा कुणी उठून बोलते काय? मुलगा असो की मुलगी, सुरमा लागतोच. "नजर लग जाती, आंखां बडे होते," असे दादी म्हणते. जुम्म्याच्या दिवशी लहान पोरे सुरमा घालून मस्जिदीत जातात आणि आपण कौतुकाने त्यांच्या डोक्यावर हात फिरवतो. हा मेकअप नाही तर काय आहे?

सुरम्याला आपल्याकडे मान आहे. हदीसमध्ये इस्मिदचा उल्लेख आहे, हे आम्हाला ठाऊक आहे आणि त्याविषयी आदर आहे. पण बाजारात दहा-वीस रुपयांना मिळणाऱ्या पुडीत तोच इस्मिद आहे, याची खात्री कोण देतो? सुरमा म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पुड्यांत गॅलेना, म्हणजे शिशाचे सल्फाइड, सापडलेले आहे. कुठे थोडे, कुठे निम्म्याहून जास्त. बाळ डोळे चोळते, तीच बोटे तोंडात घालते, आणि शिसे पोटात जाते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढे अंगात भिनते, त्याच्या चार ते पाच पट लहान मुलाच्या अंगात भिनते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिशाचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही, हेही तीच सांगते. शिसे रक्त कमी करते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. लक्ष लागत नाही, आकलन मंदावते. अमेरिकेत अशा सुरम्याला आणि काजळाला परवानगी नाही. आपल्याकडेही १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालच्या नियमांनी प्रसाधनात रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगे वापरायला मनाई आहे आणि २०२० च्या नव्या नियमांतही ती कायम आहे. पण उरुसात आणि मस्जिदीबाहेरच्या चादरीवर विकल्या जाणाऱ्या पुडीवर ना कारखान्याचे नाव असते, ना घटकांची यादी.

अभ्यासात मागे पडणाऱ्या प्रत्येक मुलाचे खापर आम्हाला सुरम्यावर फोडायचे नाही. मागे पडण्याची कारणे पुष्कळ आहेत, त्यांत आम्हीही आहोत. पण 'बच्चे का ध्यान नहीं पढाई में' अशी तक्रार घेऊन येणाऱ्या आई-वडिलांना बाळाच्या डोळ्यांत काय घातले होते, हे आम्ही कधी विचारलेले नाही. जी प्रथा आपली वाटते तिच्याकडे आपण डोळे उघडून बघत नाही. ज्याचा अर्थ दीन सांगतो त्याची चौकशी करायला दीनने कुठे मनाई केली आहे? पैगंबर साहेबांच्या नावाचा आदर असेल, तर त्यांच्या नावावर विष विकणाऱ्याला जाब विचारायला हवा.

आता गोरेपणाकडे वळतो, कारण खरी जखम तिथे आहे. मुलीच्या ओठांवरची लाली धुतली जाते, पण तिला एकदा कळले की आपला रंग हा दोष आहे, तर ते धुतले जात नाही. हे तिला कोण कळवते? बाळ जन्माला आले की पहिला प्रश्न 'मुलगा की मुलगी', आणि दुसरा 'रंग कैसा है?' बेसन आणि मलई चोळून तान्ह्या बाळाला उजळ करण्याचा कार्यक्रम सुरू होतो. वर पावडरचा थर, तो श्वासातून बाळाच्या छातीत जातो म्हणून बालरोगतज्ज्ञ लावू नका म्हणतात तरी. शाळेत आम्ही पुढच्या आणि मागच्या ओळी लावतो. मुलगी दहावी होते न होते तोच रिश्ते सुरू होतात आणि मुलाची अम्मी म्हणते, "पढाई का क्या है जी, लडकी साफ रंग की होना." सावळ्या मुलीच्या बापाला त्या एका वाक्याची किंमत मोटरसायकल आणि फर्निचरमध्ये मोजावी लागते. म्हणून तो बाप, ती आई घाबरून मुलीच्या हातात ट्यूब देतात. त्यांना दोष देण्याआधी त्यांची भीती कुणी निर्माण केली ते पाहावे.

या भीतीवर बाजाराने आपले दुकान थाटले. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली. रंग उजळला आणि नोकरी मिळाली, रंग उजळला आणि लग्न जमले, अशा जाहिराती पाहत आमची पिढी वाढली. २०१४ साली जाहिरातदारांच्याच मानक परिषदेला सांगावे लागले की सावळा माणूस दुःखी आणि अपयशी दाखवू नका. २०२० साली त्या क्रीमच्या नावातून 'फेअर' शब्द काढून 'ग्लो' घातला गेला. नाव बदलले. आमच्या वर्गातल्या मुलीने मात्र तिला अजून 'गोरे होने की क्रीम'च म्हटले.

मोठ्या कंपनीच्या ट्यूबवर निदान काही छापलेले असते. गल्लीतल्या दुकानात आणि काही पार्लरमध्ये बिननावाच्या डबीत जे मिळते, ते जास्त भयंकर. त्यांपैकी काहींत पारा असतो. पारा त्वचेतला रंग तयार होऊ देत नाही, म्हणून आठ दिवसांत चेहरा उजळ दिसतो आणि बाई खूश होते. पण पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. २०२३ साली अकोल्याच्या एकाच घरातल्या आई आणि मुलींची मूत्रपिंडे अशा क्रीममुळे बिघडल्याची बातमी आली होती. त्याच वर्षी केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनाही मूत्रपिंडाचे असेच रुग्ण सापडले. दुसरा प्रकार स्टेरॉइडच्या मलमांचा. सुरुवातीला चेहरा गोरा दिसतो, मग त्वचा कागदासारखी पातळ होते, लाल पडते, मुरूम येतात, केस येतात, आणि मलम बंद केले की आग होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइडांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरीही मेडिकलमध्ये नाव सांगितले की ट्यूब हातात पडते. आईच्या तोंडाला लागलेली ट्यूब लेकीच्या हाती लागायला किती वेळ लागतो? आमच्या त्या मुलीला एक सोमवार लागला.

हजरत बिलाल यांचा रंग काळा होता आणि पहिली अजान द्यायचा मान त्यांना मिळाला, हे आम्ही दीनियातच्या तासाला मुलांना सांगतो. आखरी खुतब्यात काय सांगितले गेले, गोऱ्याला काळ्यावर आणि काळ्याला गोऱ्यावर कोणतीही श्रेष्ठता नाही, हेही सांगतो. मुले ऐकतात, पेपरात लिहितात, पूर्ण गुण मिळवतात. मग जलशाच्या दिवशी तोच शिक्षक ओळी लावतो. मुलांनी कोणता धडा खरा मानावा?

आता पुन्हा त्या पालक सभेकडे येतो. दंड लावा म्हणणाऱ्या पालकांच्या मनात मुलींची काळजीच असावी, असे आम्ही मानतो. पण त्या दिवशी ते फक्त मुलींविषयी बोलले. आणि जे शब्द वापरले गेले, 'बेशर्मी', 'बेहयाई', ते सात-आठ वर्षांच्या मुलींसाठी वापरले गेले. हया-शरम हे मोठ्या माणसांचे शब्द आहेत. सात वर्षांच्या पोरीच्या ओठांवर लाली पाहून ज्याला बेहयाई आठवते, त्याने पोरीऐवजी बाई पाहिलेली असते. तिकडे पार्लरवाले आणि बाजारवालेही हेच करतात. लग्नात तिला नवरीसारखी सजवतात, भुवया कोरतात, गालावर चमक लावतात आणि 'छोटी दुल्हन' म्हणून स्टेजवर नाचवतात. वरवर भांडणारे हे दोन्ही पक्ष एका गोष्टीवर एक आहेत. दोघेही पोरीला वेळेआधी बाई करतात. एक तिला झाकायला धावतो, दुसरा दाखवायला. मधल्या मध्ये तिचे बालपण जाते. ज्या समाजात आठवी-नववीतून मुलगी शाळेतून काढून घरी बसवली जाते, त्या समाजाने तरी हे वेळेआधी बाई करणे हलक्याने घेऊ नये.

'बच्ची का शौक है' म्हणणाऱ्यांचेही थोडे ऐकून घेऊ. शौक आकाशातून पडत नाही. लॉकडाउननंतर घराघरात मोबाईल मुलांच्या हाती आला. इन्स्टाग्राम स्वतःच म्हणते की तेरा वर्षांखाली खाते उघडू नये, पण अम्मीच्या खात्यावर सहा वर्षांची मुलगी नाचते आणि मामा-चाचा 'माशाअल्लाह' लिहितात. मेकअप केलेल्या व्हिडिओला शंभर लाइक, साध्या तोंडाने नज्म म्हटली त्याला बारा. मूल हिशेबात कच्चे असले तरी हा हिशेब त्याला बरोबर कळतो. मग ती स्वतःच लिपस्टिक मागते आणि आपण म्हणतो, बघा, तिलाच आवडते. ज्या गोष्टीवर आपण शाबासकी दिली तीच तिने मागितली. हिला निवड म्हणायचे, तर पोपटालाही वक्ता म्हणावे लागेल.

एक आक्षेप मात्र आम्हाला गप्प करतो, आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. एका विद्यार्थिनीची अम्मी विड्या वळते. ती आम्हाला म्हणाली, "टीचर, साल में एक दिन तो मेरी बच्ची सजती. वो बी तुम बंद करते?" वर्षभर जुना गणवेश, मोठ्या बहिणीच्या चपला. जलशाच्या दिवशी तरी आपली लेक श्रीमंतांच्या मुलीसारखी दिसावी, ही त्या आईची हौस बाजाराची नाही, प्रतिष्ठेचीही नाही. ती प्रेमाची आहे. अशा आईला शिशाचे आणि पाऱ्याचे व्याख्यान देणारे आम्ही कोण, असे वाटून गेले.

पण विचार केला तेव्हा उत्तर तिच्याच वाक्यात सापडले. तिला लेक सजलेली पाहायची होती. सजणे आणि रंग बदलणे एक नव्हे. नव्या रिबिनी, काचेच्या बांगड्या, मेंदी, मोगऱ्याचा गजरा, इस्त्रीचा ओढणी-कुर्ता, यांत सजणे आहे आणि यांतले काहीही मुलीला 'तुझा चेहरा चालत नाही' असे सांगत नाही. पावडर आणि क्रीम तेच सांगते. गरिबाच्या मुलीला हे ऐकवायला वर्षातला तोच एक सुंदर दिवस कशाला निवडायचा?

यंदाच्या जलशाआधी आम्ही हेडमास्तर साहेबांकडे गेलो आणि सांगितले की शाळेकडून एकाही मुलाच्या चेहऱ्याला रंग लागणार नाही. स्टेजच्या दिव्यांत चेहरे दिसणार नाहीत, अशी शंका शूटिंगवाल्याने काढली. आम्ही म्हटले, भाऊ, दिवा पुढे सरकवा. पार्लरवाल्या अम्मी आधी नाराज झाल्या, त्यांचे बरोबरच होते, त्यांची रोजी आहे. मग त्यांना विचारले की वेण्या घालायला आणि मेंदी काढायला याल का. आदल्या दिवशी त्या तीन तास बसल्या आणि तीस मुलींचे हात रंगवून गेल्या. संस्थेने त्याचे पैसे दिले. थोडेच दिले, पण दिले.

सगळे काही गोड झाले असे नाही. पाच मुली घरूनच रंगवून आल्या. आम्ही त्यांची तोंडे धुवायला लावली नाहीत. त्यात त्यांचा काय दोष? एका पदाधिकाऱ्यांनी कार्यक्रमानंतर "इस साल बच्चे कुछ फीके लगे," असे म्हटले. आम्ही सलाम करून बाहेर आलो.

ओळी यंदा उंचीप्रमाणे लावल्या. ती मुलगी आता चौथीत होती आणि वर्षभरात बरीच वाढली होती. तिचा नंबर शेवटच्या ओळीत आला. ती काही बोलली नाही. जागेवर जाऊन उभी राहिली आणि मग हळूच विचारले, "टीचर, सच्ची में उंची देख के?"

आरोग्य तपासणीची उंची मोजायची पट्टी आम्ही कपाटातून काढली आणि सगळ्यांसमोर अठरा जणींना भिंतीशी उभे करून पुन्हा मोजले. आकडे फळ्यावर लिहिले. तिने आपला आकडा वाचला, शेजारणीचा वाचला, मग परत भिंतीशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "फिर से नापो." दुसऱ्यांदा मोजले. तोच आकडा आला. तेव्हा कुठे ती हसली. त्या दिवशी गीताची सुरुवात तिने एकटीने, समोर येऊन, माइकजवळ उभे राहून केली, आणि मग आपल्या जागी परत गेली.

एका संध्याकाळच्या पावडरने मोडलेला तिचा विश्वास परत मिळवायला आम्हाला वर्ष लागले, पट्टी लागली, आणि तरी तिला दोनदा मोजून घ्यावेसे वाटले. म्हणून आम्ही हात जोडून सांगतो. बाळाच्या डोळ्यांतला सुरमा बंद करा. गोरेपणाची ट्यूब घरातून काढा, आधी स्वतःच्या कपाटातून, मग लेकीच्या. ती आरशासमोर खेळत असेल तर खेळू द्या, मोबाईल मात्र खाली ठेवा. शाळेत, लग्नात, मोहल्ल्याच्या जलशात कुणी मुलांना रंगाप्रमाणे उभे करत असेल, तर उठून विचारा, ओळ कशावरून लावली? आणि येत्या ईदच्या सकाळी मुले सलाम करायला आली की 'किती गोरी दिसते गं' हे वाक्य गिळून टाका. ईदी द्या, शीरखुर्म्याची वाटी द्या, आणि विचारा, सध्या काय वाचतेस?